अस्सलबरहुकूम नक्कल

मंडळी, मला एक वाक्य द्या. फक्त एक! कथा नको, कादंबरी नको, लेखकाचा फोटो तर मुळीच नको. एका वाक्यावरून लेखक ओळखून दाखवला नाही, तर नंदकुमार बेहेरे हे नाव लावायचं सोडून देईन!

असं मी १९५७ साली अख्ख्या मुलुंडभर सांगत फिरत होतो. दुधाच्या रांगेत सांगायचो, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना सांगायचो. आणि नुसतं सांगायचो नाही हं, करून दाखवायचो! आमच्या गल्लीतल्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता 'वाक्य कुणाचं?' नावाचा खेळ असे. चिटणीस मार्तंडराव फळ्यावर खडूने एक वाक्य लिहायचे. सभासदांनी लेखकाचं नाव चिठ्ठीवर लिहून ती पत्र्याच्या डब्यात टाकायची. साडेसहाला डबा उघडायचा, आणि जिंकणाऱ्याचं नाव आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात झळकायचं. त्या कोपऱ्यात सलग अकरा आठवडे एकच नाव होतं. कुणाचं ते सांगायला पाहिजे का?

माझ्या युक्त्या साध्या होत्या. वाक्यात दोनदा 'किंबहुना' आलं की तो जलधिसुत. नायिका खिडकीशी उभी राहून काहीच करत नसेल, तर कमलाकांत हर्डीकर. घरातलं माणूस मेलं, आणि तरी वाक्य संपलं नाही, तर डोळे मिटून भा. पां. उंबरजे! विरहानंद सगळ्यांत सोपा. चंद्र दिसला की विरहानंद!

घरी मात्र या कीर्तीचा काही उपयोग नव्हता. आमची वसुधा मुळातच मितभाषी. मी नवव्या शनिवारी जिंकून आलो आणि दारातूनच ओरडलो, "वसुधा, नऊ!"

"नऊ काय?"

"आठवडे! सलग! विक्रम आहे हा मुलुंडातला!"

"बरं. मीठ संपलंय."

"अगं, मीठ काय घेऊन बसलीस? साहित्यातलं मर्म कळायला दृष्टी लागते. तुला नाही कळायचं ते."

हे शेवटचं वाक्य मी त्या काळात रोज तीन-चार वेळा म्हणत असे. ती काही बोलत नसे. मला वाटायचं, पटतंय तिला.

आता माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द. ते महत्त्वाचे आहेत, पुढे माझी वाट लागली ती त्यांच्यामुळेच. मी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत नक्कल कारकून. साहेब कच्चा मसुदा पाठवणार, मी त्याची स्वच्छ प्रत काढणार आणि खाली लिहिणार, 'अस्सलबरहुकूम नक्कल'. मुळात चूक असेल तर चूकसुद्धा तशीच उतरवायची, आपली अक्कल चालवायची नाही, हा नियम. मी त्यात पटाईत! हात लिहीत असायचा आणि डोकं डब्यात कसली भाजी असेल याचा विचार करत असायचं. नऊ वर्षांत माझ्या नकलेत एक काना इकडचा तिकडे झाला नाही.

तर बारावा शनिवार उजाडला. वाचनालय गच्च भरलं होतं. माझा विक्रम बघायला म्हणून वसुधाही आली होती, म्हणजे मीच तिला ओढून आणलं होतं. ती बायकांच्या बाकावर शेजारच्या कुंदावहिनींजवळ बसली. सहाला मार्तंडरावांनी धोतराचा सोगा सावरला आणि फळ्यावर लिहिलं,

'चंद्रावर डाग आहे म्हणून पौर्णिमेला कुणी परत पाठवत नाही.'

मला हसूच आलं. चंद्र! मी पहिली चिठ्ठी टाकली आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकलो. साडेसहाला मार्तंडरावांनी डबा उघडला.

"उत्तर आहे विरहानंद! दोन वर्षांपूर्वी आलेली त्यांची कादंबरी. बरोबर उत्तर एकच, नंदकुमारराव बेहेरे! सलग बारावा..."

"चूक आहे ते!"

आवाज बायकांच्या बाकावरून आला. बघतो तर वसुधा उभी! घरात चार शब्द बोलताना जिला मोजायला लागायचे, ती साठ माणसांसमोर उभी!

"काय चूक आहे, वहिनी?" मार्तंडराव दचकले.

"वाक्य विरहानंदांचं नाही. ह्यांचं आहे."

"ह्यांचं म्हणजे कुणाचं?"

"ह्यांचं!" तिने माझ्याकडे हनुवटी केली. नवऱ्याचं नाव चारचौघांत कसं घेणार? "आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी मला पेणला पत्र लिहिलं होतं. त्यात हे वाक्य आहे. शब्द न् शब्द. पत्र एकोणपन्नास सालचं आहे, तारखेसकट. कादंबरी पंचावन्नची. मग कुणी कुणाचं घेतलं?"

साठ माना माझ्याकडे वळल्या. आणि माझ्या डोक्यात मात्र एकदम लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! ती पत्रं!

त्याचं असं झालं होतं. आमचा साखरपुडा झाला आणि वसुधाची आजी वारली. लग्न वर्षभर पुढे गेलं. तिचे वडील, म्हणजे अप्पा, पेणच्या शाळेत मास्तर आणि विचाराने पुढारलेले. त्यांनी पत्रव्यवहाराला परवानगी दिली, अट एकच, पत्र आधी ते वाचणार, मग मुलगी. आता सासऱ्याच्या नजरेखालून जाणारं प्रेमपत्र लिहायचं कसं? मला तर 'विनंती विशेष' याच्यापुढे काही सुचेना. तेव्हा कचेरीत शेजारच्या टेबलावर लवू परुळेकर बसायचा. मूळ मालवणकडचा, अंगाने आडवा, डब्यात रोज बांगडा. पण हातात जादू! त्याने मला पत्रांचे कच्चे मसुदे करून दिले. मी टेबलाखाली धरून स्वच्छ नक्कल केली आणि टपालात टाकली. हात लिहीत होता, डोकं डब्यात होतं. आता त्यातलं वाक्य विरहानंदांच्या कादंबरीत कसं गेलं, ते मला कळेना.

त्याच क्षणी मी उठून म्हणायला हवं होतं, "मंडळी, वाक्य माझं नाही!" पण वसुधा माझ्याकडे बघत होती. आठ वर्षं जपलेली पत्रं होती ती तिची! तिला काय सांगू, की तुझ्या काळजातलं वाक्य शेजारच्या टेबलावरून आलं होतं? आणि तेवढ्यात कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या!

आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "जाऊ द्या हो. तरुणपणी लिहून जातो माणूस काहीतरी."

बस्स! तिथेच माझा घात झाला!

"जाऊ द्या?" मार्तंडराव गरजले. "मुळीच जाऊ देणार नाही! आमच्या मुलुंडातल्या माणसाचं वाक्य हा विरहानंद चोरतो? प्रकाशकाला पत्र लिहितो मी! वर्तमानपत्रात देतो! वहिनी, पुढच्या शनिवारी ते पत्र घेऊन या. सगळ्यांसमोर वाचू आणि पुरावा म्हणून जोडू. आणि त्याच दिवशी नंदकुमाररावांचा सत्कार!"

"आणते," वसुधा म्हणाली.

रविवारपासून माझं घर म्हणजे धर्मशाळा झालं. कुंदावहिनी आल्या, "भावजी, माझ्या भाचीचं लग्न आहे, दोन मंगलाष्टकं करून द्या ना. विरहानंदसुद्धा ज्यांचं चोरतात, त्यांना काय अवघड!" खालच्या मजल्यावरच्या अनंतरावांना त्यांच्या रिटायर होणाऱ्या साहेबासाठी मानपत्र हवं होतं, 'डोळ्यांत पाणी येईल असं'. एक गृहस्थ तर मेलेल्या बैलावर कविता मागायला आले. मी सगळ्यांना "बघू, बघू" म्हणत होतो आणि खोलीत येरझारा घालत होतो. आठ पावलं गेलं की भिंत, वळलं की आठ पावलं. वसुधा शांतपणे तांदूळ निवडत होती.

"बसा ना जरा."

"सुचतंय काहीतरी," मी म्हणालो.

सोमवारी कचेरीत पोचलो आणि लवूला थेट फायलींच्या कपाटामागे ओढला.

"लवू, खरं सांग! माझ्या पत्रांतली वाक्यं तू कुठून उचलली होतीस? तीच वाक्यं त्या विरहानंदाने उचललीत!"

लवूने आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे.

"हळू बोल, मेल्या! तो विरहानंद म्हणजे मीच!"

मी कपाटालाच टेकलो. दुपारी बांगडा खाऊन ढेकर देणारा हा माणूस विरहानंद! ज्याच्या नायिका नुसत्या उसाशाने वाळून जातात, तो विरहानंद! आणि एका वाक्यावरून लेखक ओळखणारा मी नऊ वर्षं त्याच्या शेजारी बसलो होतो!

"कोणाक सांगू नको रे," तो कळवळून म्हणाला. "साहेबाची परवानगी नाय घेतलेली. कळला तर नोकरी जाईल. माझ्या बायलेकसुद्धा सांगूक नाय. पण तू इतको घाबरलंस कशाक?"

मी सगळं सांगितलं. मार्तंडराव, पुरावा, शनिवार, सत्कार. लवू ऐकता ऐकता गंभीर झाला. मग त्याने विचारलं,

"बरा, कंसातला काढलंस मां?"

"कुठलं कंसातलं?"

"अरे, मी काय तुका एकट्याकच पत्रां लिहून देय होतंय? त्या वर्षी ह्या कचेरीत पाच जणांची लग्नां ठरली होती! एकच मसुदो पाचांक. म्हणून जागोजागी कंसात सूचना घातलेली, 'येथे मुलीचे नाव घालावे'. ती काढून नाव घातलंस मां रे?"

मी नक्कल कारकून! मुळातली चूकसुद्धा चुकवायची नाही, असं शिकलेला! कंस काढायचा म्हणजे मजकुरात फेरफार!

"लवू... मला आठवत नाही रे."

"आठवत नाय? मग खलास!" लवू कपाळाला हात लावून खाली बसला. "तू कंस काढशीत? तू? ह्या जन्मात नाय! ता पत्र शनिवारच्या आधी घरातसून भायर काढ. तुझी अब्रू तर जातलीच, माझी नोकरी पण जातली!"

झालं! आता पत्र मिळवणं भाग होतं. वसुधाची एक पत्र्याची ट्रंक खाटेखाली असायची. त्या ट्रंकेला मी लग्नापासून कधी हात लावला नव्हता. मंगळवारी ती भाजीला गेली तसा मी खाटेखाली शिरलो. डोकं आपटलं, सदरा खिळ्याला अडकून फाटला, पण ट्रंक उघडली! तळाशी लाल फितीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. मी न उघडताच तो सदऱ्याखाली लपवला आणि बुधवारी लवूसमोर टेबलाखाली धरला.

लवूने फीत सोडली. वाचलं. परत वाचलं.

"दोन सुलट, दोन उलट, एक सोडून द्यावी... रे, ह्या विणकाम आसा!"

त्या रात्री जेवताना वसुधा सहज म्हणाली, "माझे स्वेटरच्या विणीचे कागद दिसत नाहीत. तुम्ही बघितलेत?"

"मी? छे! मी कशाला विणकाम बघू?"

"नाही, तुमचा सदरा फाटलाय म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि माझ्या पानात आमटी वाढली.

गुरुवारी तांदळाच्या डब्यात हात घातला. शुक्रवारी देवघरातला चौरंग उचलला. ती घरात असली की बसवेना, बाहेर गेली की मुळीच बसवेना. पहाटे पाचला उठून नळाचं पाणी भरायचं काम आमच्या घरी पहिल्यापासून माझ्याकडे. शुक्रवारी बादली भरून वाहायला लागली तरी मला भान नाही! खालून अनंतराव ओरडले, "कविराज, चंद्र बघताय की काय? पाणी वाहतंय!"

सगळ्यांत वाईट काय होतं सांगू? अब्रू गेली असती तर मी गल्ली बदलली असती. पण वसुधा ते पत्र अभिमानाने सगळ्यांसमोर उघडणार, मार्तंडराव खणखणीत आवाजात वाचणार, 'येथे मुलीचे नाव घालावे', आणि साठ माणसं तिला हसणार. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. तिला एकटीला आधीच सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. तोंड उघडलं की बाहेर पडायचं, "आज आमटी छान झालीय हं."

शनिवार आला. खुर्चीवर हार ठेवलेला, शेजारी नारळ. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, 'उपेक्षित साहित्यिक श्री. नंदकुमार बेहेरे यांचा सत्कार'. प्रकाशकाला पाठवायचं पत्र मार्तंडरावांच्या हातात तयार होतं.

"वहिनी, आणलंत ना?"

वसुधा उठली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. मी डोळे मिटून घेतले.

"नाही," ती म्हणाली. "पत्र मिळालं नाही. खूप शोधलं. बहुतेक माझीच आठवण चुकली. कादंबरीत वाचलं असेन आणि पत्रातलं वाटलं असेल."

मग मागून कुणीतरी खुसखुसलं. कुंदावहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकजण म्हणाला, "बायकांच्या गोष्टी ऐकून सत्कार करायला निघालो होतो!" मार्तंडरावांनी चष्मा काढला आणि कडक स्वरात म्हणाले, "वहिनी, हे वाचनालय आहे. बोलण्याआधी खात्री करून घ्यायला हवी होती."

ती मान खाली घालून उभी होती. आणि मंडळी, मी वाचलो होतो! पत्र नाही, पुरावा नाही, लवूची नोकरी शाबूत, माझे बारा शनिवार शाबूत! मी फक्त गप्प बसायचं होतं. पण ती तिथे माझ्यामुळे बोलणी खात होती, आणि मला ते बघवेना. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"थांबा!" मी ओरडलो. "चूक तिची नाही! वाक्य पत्रात होतं! मीच लिहिलं होतं! म्हणजे लिहिलं नव्हतं! नक्कल केली होती!"

"कशाची नक्कल? कादंबरी तर तेव्हा नव्हती!"

"एकाने मला पत्र लिहून दिलं होतं. त्याचं नाव मेलो तरी सांगणार नाही. वाक्य विरहानंदांचंच आहे, त्यांनी काही चोरलेलं नाही. चोर मीच. तिला कुणी काही बोलू नका. सगळा दोष माझा!"

मार्तंडरावांनी प्रकाशकाचं पत्र हळूच फाडलं. मग खुर्चीवरचा हार उचलून वाचनालयाच्या संस्थापकांच्या तसबिरीला घातला. मग डस्टर घेतलं आणि फळ्याच्या कोपऱ्यातलं माझं नाव पुसलं, अगदी सावकाश, एकेक अक्षर.

"नकलेला इथे गुण नाहीत, बेहेरे," ते म्हणाले. 'राव' गेलं होतं.

घरी आलो. दार लावल्यावर मी म्हणालो, "वसुधा, मला माफ कर. ती पत्रं..."

"लवूभावजींची होती. ठाऊक आहे."

"कधीपासून?"

तिने कापडी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. माझंच अक्षर. वळणदार, स्वच्छ, एक काना इकडचा तिकडे नाही!

'प्रिय (येथे मुलीचे नाव घालावे), चंद्रावर डाग आहे म्हणून पौर्णिमेला कुणी परत पाठवत नाही...'

कंसाखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. समासात अप्पांचा मास्तरी शेरा होता, 'घातलेले नाही.' आणि सगळ्यांत खाली, माझ्या सहीच्या वर, मीच सवयीने लिहिलं होतं, 'अस्सलबरहुकूम नक्कल'!

"पहिल्याच पत्रापासून," वसुधा म्हणाली. "अप्पा म्हणाले, हा मुलगा मूर्ख आहे, पण कामात प्रामाणिक दिसतो."

"आणि लवूचं नाव कसं कळलं?"

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही झोपेत म्हणालात, 'लवू, पुढचं पत्र दे.'"

"अगं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का उभी राहिलीस?"

"अकरा आठवडे ऐकत होते, 'तुला नाही कळायचं.' म्हटलं, बघू या कुणाला काय कळतं ते. आणि आठ वर्षं वाट बघत होते, तुम्ही स्वतःहून कबूल करताय का. आठवडाभर संधी दिली. तुम्ही तांदळात हात घालत बसलात!"

"पण आज पत्र पिशवीत असून तू नाही म्हणालीस. सगळे तुला हसले."

"हसू दे. तुम्हाला हसलेलं मला आवडलं नसतं." मग तिने पत्र परत घेतलं. "सात पत्रं आली होती मला. सहा मी लवूभावजींची म्हणून ठेवलीत, चांगली आहेत. एक मात्र तुमचं स्वतःचं होतं. ते वाचून मी लग्नाला हो म्हटलं. नाहीतर कंस बघून बघून अप्पा साखरपुडा मोडायलाच निघाले होते."

"माझं? कुठलं? काय होतं त्यात?"

"ओळखा! एका वाक्यावरून ओळखता ना तुम्ही?"

पुढचा आठवडा त्याहून वाईट गेला! सोमवारी लवूला विचारलं. तो बोटं मोजत म्हणाला, "मी सा दिलंय. मधी शिमग्याक गावाक गेल्लंय, तेव्हाचा तूच खरडलं असशीत." काय खरडलं? मला एक अक्षर आठवेना! जन्मात एकदा मी असं काहीतरी लिहिलं होतं की त्यावर एका मुलीने मला पसंत केलं, आणि ते काय हे तिला माहीत, अप्पांना माहीत, मला नाही! नळावर विचार, कचेरीत विचार, जेवताना विचार. चंद्र असेल? फुलं असतील? वसुधाला विचारावं तर ती गालात हसायची आणि स्वेटर विणायची. विणीचे कागद मी तिला परत दिले होते.

शनिवारी मी वाचनालयात गेलो. हो, गेलो! गेलेली अब्रू जिथे गेली तिथेच शोधायला हवी. मार्तंडरावांनी माझ्याकडे न बघता फळ्यावर लिहिलं. त्या दिवशीचं वाक्य एका सभासदाने सुचवलेलं होतं, उत्तर बंद पाकिटात होतं.

'खोली लहान आहे, नळाला पाणी पहाटे पाच ते सहाच असते, ते मी भरीत जाईन, आपण निजून राहावे.'

काय वाक्य होतं, मंडळी! नटवेपणा नाही, चंद्र नाही, आणि तरी केवढी माया! "मोठ्या लेखकाचं आहे," अनंतराव पुटपुटले. मी फळ्याजवळ गेलो, मागे आलो, पुन्हा जवळ गेलो. किंबहुना नाही, म्हणजे जलधिसुत नाही. खिडकी नाही, म्हणजे हर्डीकर नाही. गरिबी, घर, न बोललेली माया... मी चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'भा. पां. उंबरजे. नक्कीच! उत्तरायुष्यातील लेखन.' आणि डब्यात टाकून विजयी मुद्रेने वसुधाकडे बघितलं. ती खाली मान घालून हसत होती.

साडेसहाला मार्तंडरावांनी चिठ्ठ्या वाचल्या. उंबरजे सतरा, हर्डीकर नऊ, बाकी किरकोळ. मग त्यांनी पाकीट उघडलं, आतला कागद बघितला आणि चष्मा पुसला.

"वाक्य वहिनींनी दिलंय. उत्तर त्यांनीच सांगावं."

वसुधा उठली. पदर सावरला, घसा खाकरला आणि स्वच्छ आवाजात तिने चक्क उखाणा घेतला,

"पहाटेच्या नळाखाली बादली भरते काठोकाठ,
नंदकुमाररावांचं एकच वाक्य, तेवढंच मला पाठ!"

टाळ्या अशा पडल्या की कौलं उडतील असं वाटलं! कुंदावहिनी डोळे पुसत होत्या. मी बसल्या जागी लाजून अर्धा झालो. माझं! ते वाक्य माझं होतं! मार्तंडराव फळ्याकडे गेले आणि वाक्याखाली मोठ्या अक्षरात लेखक म्हणून माझं नाव लिहिलं. जिंकणाऱ्याच्या कोपऱ्यात मात्र त्यांनी रेघ मारली, त्या शनिवारी कुणीच जिंकलं नव्हतं.

ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. मार्तंडरावांनी घरी जाताना माझ्या हातात ठेवली. तिच्यावर लाल शाईने त्यांचा शेरा आहे, 'चूक. स्वतःचे लेखनही अधूनमधून वाचत जावे.'